थोरल्याचे टायर

आमच्या घरात मुलगे दोन. थोरला ट्रॅक्टर आणि धाकटा मी. थोरला १९९६ साली घरी आला, मी त्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे मान त्याचाच. दसऱ्याला झेंडूचा पहिला हार त्याला. एखाद्या वर्षी हात आखडता असला की त्याचं ऑइल आधी बदललं जायचं आणि माझे बूट नंतर. मॅसी फर्ग्युसन १०३५, पस्तीस-छत्तीस हॉर्सपॉवर, मूळचा रंग लाल, आताचा रंग... असो. बार्शीपासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथं बारा एकर रान आहे आणि ते आजही थोरल्याच्याच जिवावर चालतं. धाकटा हिंजवडीत एसीत बसून लोकांचे सर्व्हर सांभाळतो.

आज लिहायचंय ते थोरल्याच्या मागच्या टायरांबद्दल. (ज्यांना डेटाबेसवरचा लेख हवा होता त्यांनी पुढच्या शनिवारी यावं. :-))

मागचे टायर याआधी बदलले ते २०१२ साली. तेरा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. बऱ्याच जणांना वाटतं की शेतात राबून टायर झिजतो. काळ्या मातीत तो फारसा झिजत नाही हो, तो झिजतो डांबरावर. मधली चार-पाच वर्षं आमच्याकडं ऊस होता आणि उसाची ट्रॉली ओढत कारखान्याच्या वाऱ्या झाल्या, त्यातच टायरवरचे ते तिरके रबरी दांडे निम्मे खलास झाले. उरलेलं काम उन्हानं केलं. बाजूला बारीक भेगा, एका ठिकाणी तुराटीच्या बुडख्यानं आरपार गेलेलं भोक, त्याला आतून लावलेला गेटर. पंक्चरवाले मामा दर वेळी म्हणायचे, "अण्णा, आता ह्याला ठिगळ लावायला जागा न्हाई राहिली."

तरी गाडी चालली होती. चालत्या गाडीला हात लावू नये हा नियम सॉफ्टवेअरवाल्यांनी काढला असं आमच्या ऑफिसात समजतात. तो अण्णांचा आहे.

पण मग सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात त्या महिन्यात जे झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आमचं गाव नदीच्या तडाख्यातून वाचलं, पण रानातलं पाणी हटायला तयार नव्हतं. सोयाबीन गेलं. आता सगळी भिस्त रब्बीवर. आणि रब्बीची भिस्त वाफशावर.

वाफसा म्हणजे काय हे शहरातल्या मित्रांना सांगताना मी नेहमी अडखळतो. आमची माती बेसाल्टपासून झालेली, चिकण. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना आत गेलात तर चाक रुतणार, माती दाबून विटेसारखी होणार. पूर्ण वाळल्यावर गेलात तर नारळाएवढी ढेकळं निघणार. या दोन्हींच्या मधे काही थोडे दिवस असे असतात की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि तोच गोळा खाली टाकला तर फुटतो. तो वाफसा. त्या दिवसांत नांगर, फणपाळी, पेरणी सगळं उरकायचं. आणि गंमत अशी की वाफसा सगळ्या गावाला एकदमच येतो. म्हणजे ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो हे खरं, पण तो ज्या दिवशी तुम्हाला हवा असतो त्याच दिवशी तो सगळ्यांना हवा असतो. आमच्या धंद्यात याला पीक लोड म्हणतात. तिथं आम्ही जास्तीचे सर्व्हर भाड्यानं घेतो, गावात जास्तीचे ट्रॅक्टर आणायचे कुठून? एवढ्या जुन्या ट्रॅक्टरला अण्णा का धरून बसलेत याचं हे एवढंच उत्तर आहे, मायाबिया नंतर.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी वरच्या बरड रानात थोडी ओल उतरली म्हणून अण्णांनी नांगर घातला. मी बांधावर. ट्रॅक्टर पुढे जात होता, पण मागची चाकं त्याच्यापेक्षा बरीच जास्त फिरत होती. नुसतं बघून मला राहवेना. मी टायरवर खडूनं खूण केली आणि मोजायला घेतलं. रीत सोपी आहे, तुम्हीही करू शकता (तुमच्याकडं ट्रॅक्टर असेल तर). नांगर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवायचं आणि अंतर मोजायचं. मग नांगर जमिनीत घालून त्याच गिअरमधे पुन्हा दहा फेरे. पहिल्यांदा आलं ३७ मीटर, दुसऱ्यांदा २८. म्हणजे ९ मीटर हवेत, मातीत, कुठंतरी गेले. २४ टक्के घसरण. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते, किंबहुना थोडी घसरण असावीच लागते, नाहीतर सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. पण २४ म्हणजे डिझेलच्या दर चार लिटरमधला जवळजवळ एक लिटर नुसता माती घासण्यात चालला होता.

अण्णांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "मोजायला कशाला पायजे, मला बुडाखाली कळतंय की."

आता टायर बदलायचे तर कोणते? इथं मला वाटलं होतं की दुकानात जायचं, जुन्या टायरवरचा आकडा सांगायचा आणि यायचं. पण तो आकडाच मजेशीर निघाला. अण्णा म्हणत होते, "आपला अकरा-अठ्ठावीस." टायरवर वाचलं तर १२.४-२८. दोन्ही एकच! २८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. १२.४ म्हणजे टायरची रुंदी, तीही इंचात, आणि ती दांड्यांची नव्हे तर फुगलेल्या टायरची. पूर्वी याच टायरला ११-२८ म्हणायचे. पुढं रुंद रिमा आल्या, त्यावर टायर जास्त पसरून बसायला लागला, म्हणून नवा आकडा आला. तसंच १२-२८ चं झालं १३.६-२८ आणि १३-२८ चं १४.९-२८. जुनी माणसं जुन्या आकड्यावर अडून बसलेली. मधली आडवी रेघ म्हणजे साधा, आडव्या-तिडव्या धाग्यांचा टायर. रेघेच्या जागी 'आर' असेल तर रेडियल.

बार्शीतल्या दुकानदारानं ट्रॅक्टरचं नाव ऐकताच १३.६-२८ पुढं केला. "साहेब, ह्या मॉडेलला आता सगळे हाच टाकतात. रुंद चाक, पकड जादा." बोलणं खोटं नव्हतं, १०३५ ला हा टायर येतो. पण मी निघताना रिमवरचा शिक्का वायरब्रशनं घासून वाचला होता. आमची रिम डब्ल्यू १०, म्हणजे दहा इंच रुंद. १३.६ ला अकरा-बारा इंचाची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो चढतो, हवाही धरतो, पण मधे फुगीर होतो. मग मधलाच भाग जमिनीला टेकतो, कडेचे दांडे अधांतरी, आणि ज्या रुंदीसाठी जादा पैसे मोजले ती रुंदी मातीला लागतच नाही. रिमांसकट बदलायचं तर खर्च कुठल्या कुठं. तेव्हा १२.४ वरच राहायचं ठरलं. दुकानदार थोडा हिरमुसला पण माणूस चांगला होता, चहा सांगितला.

मग प्लायचा विषय. टायरवर '१२ पीआर' लिहिलेलं असतं म्हणजे आत बारा थर असतात असं नाही. पीआर म्हणजे ताकदीचा एक दर्जा, नायलॉन आल्यापासून कमी थरांत तेवढी ताकद मिळते. आमच्याकडं तूर आहे, तिचे बुडखे खिळ्यासारखे उभे असतात, शिवाय अधूनमधून ट्रॉली. म्हणून १२. नक्षीतही प्रकार आहेत. साधी शेतीची ती आर-१, आणि भात-उसाच्या चिखलासाठी जवळपास दुप्पट खोल दांड्यांची आर-२. पाऊस डोक्यात ताजा होता, म्हणून मला क्षणभर आर-२ चा मोह झाला. पण दर वर्षी काही सप्टेंबर २०२५ येत नाही, आणि ते उंच दांडे डांबरावर लगेच खाऊन जातात. आर-१.

हे सगळं होईपर्यंत अण्णा गप्प होते. कोपऱ्यात रिमोल्ड टायरांची एक जोडी उभी होती, त्यावरून हात फिरवत होते. नव्या जोडीचा भाव ट्यूबसकट ३४ हजार, वर ५ टक्के जीएसटी. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ३४ हजारांवर ४,४२० रुपयांचा फरक. कर कमी झाल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष नोटांत मोजता आला.) रिमोल्ड निम्म्याच्याही आत.

"हेच घिऊ," अण्णा म्हणाले. "दोन-तीन वर्षं निघाली म्हंजी बास."

मी म्हटलं, "रिमोल्डचा सांगाडा जुनाच असतो, अण्णा. बाजूला भेगा बघा ना. तूर कापल्यावर पहिल्याच दिवशी बुडखा आत जाईल. आणि दोन-तीनच वर्षं का?"

"मग? म्होरं कोन हाय?"

त्यात टोमणा नव्हता. दुकानदाराला माप सांगावं तसं ते सांगत होते. नवा टायर आमच्या वापरानं आठ-दहा वर्षं जाईल. अण्णा आता त्रेसष्ट. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली होती आणि उरलेल्या आकड्याला बसेल तेवढंच रबर ते विकत घेत होते. आदल्याच आठवड्यात एका दलालानं ट्रॅक्टरला सव्वा लाख सांगितले होते हे मला तिथं दुकानात कळलं. आईलाही माहीत नव्हतं.

अशा वेळी सिनेमात मुलगा नोकरी सोडतो. मी काही नोकरी सोडणार नाहीये, हे मला माहीत आहे आणि अण्णांनाही. घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय. पण मला जे खरंच जमण्यासारखं होतं ते मी सांगितलं. "नांगरट तुमची. पेरणी माझी. वाफसा आला की फोन करा, मी लॅपटॉप घेऊन येतो, सकाळी पेरतो, दुपारनंतर काम करतो. वर्षातनं दोनदा. एवढं माझ्याच्यानं होतंय."

"वाफसा तुझ्या रजेला थांबतोय व्हय?"

"म्हणून तर लॅपटॉप म्हणतोय. रजा काढायला लागत नाही."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग दुकानदाराला म्हणाले, "नव्याच्या बनावटीची तारीख दाव." आणि मला, "पैशे निम्मे-निम्मे." तेव्हापासून डावा टायर माझा आणि उजवा त्यांचा आहे. पंक्चर झाला तर ज्याचा त्यानं बघायचा असं ठरलंय.

तारखेचं सांगतो, उपयोगी आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २५२५ म्हणजे २०२५ सालचा पंचविसावा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायरही चकचकीत दिसतो, त्यामुळे ते चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रबर आणि ट्रॅक्टर यांचं नातं तसं फार जुनं नाही. आधी लोखंडी दात्यांची चाकं होती. १९३२ मधे अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं आपल्या मॉडेल यू ट्रॅक्टरला फायरस्टोनचे हवेचे टायर बसवले. मातीत राबायला रबर कसं पुरणार, अशी तेव्हा शंका. मग कंपनीनं बार्नी ओल्डफिल्ड या रेसिंग ड्रायव्हरला पकडलं आणि १९३३ साली त्यानं तो ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला. शेताशी त्या वेगाचा काडीचा संबंध नाही, पण लोकांनी टायर घेतले. मार्केटिंग तेव्हाही असंच चालायचं म्हणायचं.

टायर बसवायचं काम दिवाळीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी घरीच केलं. पंक्चरवाले मामा, त्यांचा पोरगा, चुलतभाऊ, मी. पुढच्या चाकांना दगड लावले आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. हे महत्त्वाचं. पुढचा अ‍ॅक्सल मधे एका पिनवर डुलता असतो, त्यामुळे मागची एक बाजू जॅकवर घेतली की अख्खा ट्रॅक्टर कलंडू शकतो. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले केले. जॅक लावला तरी खाली लाकडी ठोकळे रचलेच. मामांचं म्हणणं, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.

मग पाणी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरलेलं असतं हे मी ऑफिसात सांगितलं तेव्हा कुणाला खरं वाटेना. वजन वाढावं, पकड यावी म्हणून ट्यूबमधे पाऊण भाग पाणी आणि वर हवा. आमच्या मापात एका चाकात सव्वाशे लिटरच्या आसपास. थंड देशात ते गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि मग रिमा गंजतात म्हणून रडतात. आपल्याकडं विहिरीचं पाणी चालतं. तेरा वर्षांचं ते पाणी बाहेर आलं तेव्हा काळं, गंजाचं, आणि वास असा की कुत्रंसुद्धा उठून लांब जाऊन बसलं.

टायरची रिमला धरून बसणारी कड, तिला बीड म्हणतात (बीड जिल्हा नव्हे), ती तेरा वर्षांत रिमला अशी चिकटली होती की घणाचे घाव घालूनही हलेना. दोन पहारी, तीन टॉम्या, साबणाचं पाणी आणि मामांच्या तोंडचे छापता न येणारे शब्द, एवढ्यानं दीड तासात एक बाजू सुटली. रिम घासून रेड ऑक्साइड मारला. जुनी ट्यूब चांगली दिसत होती, पण ताणून मोठी झालेली ट्यूब नव्या टायरमधे घडी पडून फाटते. म्हणून ट्यूब नवीच, आत पावडर लावून. टायरवर बाण असतो, तो फिरण्याच्या दिशेनं. बाण पुसला असेल तर मागून बघायचं, नक्षीचं टोक वर दिसलं पाहिजे. म्हणजे जमिनीला टोक आधी लागतं आणि चिखल मधून कडेला ढकलला जातो. उलटा बसवला तर चिखल मधेच गोळा होतो. कड बसवण्यासाठी हवा भरताना ३५ पीएसआयच्या वर जायचं नाही, कितीही 'अजून थोडी' वाटली तरी. मामांना हे मी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी एकदा ट्रकची रिम उडालेली पाहिली आहे, ते कधीच चाकासमोर उभे राहात नाहीत.

व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की बरोबर पाऊण भरतं. मग शेतासाठी १२ पीएसआय हवा. ट्रॉलीला जुंपायचं असेल तेव्हा थोडी वाढवायची. संध्याकाळी आईनं दोन्ही चाकांना कुंकू लावलं. डाव्याला थोडं जास्त लावलं असं मला वाटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. "वाफसा हाय. दोन दिवस, फार तर तीन." मंगळवार होता. मॅनेजरला मेसेज टाकला, रात्रीच्या एसटीनं गेलो. ज्वारीची वेळ निघून गेली होती, म्हणून काळ्या रानात हरभरा. सकाळी सहा ते अकरा पेरणी, दुपारी ओसरीवर बसून कॉल. (मागून कोंबडा ओरडला तेव्हा क्लायंटनं विचारलं, इज दॅट अ रिंगटोन?) तिसऱ्या दिवशी वरच्या बरड रानात पुन्हा खडू घेऊन गेलो. तोच नांगर, तोच गिअर. नांगर उचलून दहा फेऱ्यांत ३८ मीटर, नांगर घालून ३३. घसरण १३ टक्के. ओल दसऱ्यानंतरच्यापेक्षा थोडी वेगळी होती, त्यामुळे हा काही प्रयोगशाळेतला आकडा नाही. पण २४ आणि १३ मधला फरक नुसत्या ओलीचा नक्कीच नाही.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळले. दोन सव्वा-सव्वा फेरा फिरले. नवी चाकं बसवल्यावर हे करायचंच असतं.

जुन्या टायरांपैकी एक चुलतभावानं कापून म्हशीला गव्हाण केली. दुसरा अजून गोठ्यामागं पडून आहे, अण्णा म्हणतात लागतो कशाला तरी. दलालाचा पुन्हा फोन आला होता. अण्णांनी त्याला सांगितलं की नवे टायर टाकलेत, आता भाव वेगळा. किती, ते मात्र सांगितलं नाही. आणि कालच्या रविवारी फोनवर म्हणाले, पुढचे टायर पण बघायला पायजेत, ६.००-१६ चा भाव काढून ठेव.